युट्युबवरचं नॉलीवूड: झाडीपट्टीतल्या प्रेक्षकानं काय पाहावं, काय सोडावं

नायजेरियाचे सिनेमे, म्हणजेच नॉलीवूड, युट्युबवर फुकट आहेत, पूर्ण लांबीचे आहेत आणि दररोज नवे येतात. वडसा, आरमोरी, कुरखेडा, सिंदेवाहीकडच्या गावात बसून ते पाहण्याजोगे आहेत का? आहेत. रात्रभर मांडी घालून नाटक पाहणाऱ्या माणसाला तर ते मुंबईच्या सिनेमापेक्षा लवकर आपले वाटतील. घरातली भांडणं, सासू-सुनेचा वैरभाव, शहरात जाऊन पैसेवाला झालेला भाऊ, मधेच हसवणारा नोकर, शेवटी न्याय, हा सगळा मसाला ओळखीचा आहे. फक्त तिथले नट लोकांत कसे वागतात आणि लोक त्यांना कसं वागवतात, हे थोडं ठाऊक असावं. नाहीतर निम्मा सिनेमा डोक्यावरून जातो. पार्टीत नाचणाऱ्याच्या कपाळावर नोटा का चिकटवतात, सगळ्या पाहुण्यांचं कापड एकच का, एखादी साधी दिसणारी पोरगी पडद्यावर आली की कमेंटमध्ये एवढा गलका का होतो, यातलं काही उमगत नाही.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात. 1992 साली केनेथ न्नेब्यू या लागोसच्या कॅसेट व्यापाऱ्यानं इग्बो भाषेत एक सिनेमा काढला आणि थेट व्हिडिओ कॅसेटवर विकला. तो तुफान चालला आणि थिएटरची वाट न पाहता बाजारातून सिनेमा विकायची रीत पडली. पुढं लागोसचा इदुमोता बाजार आणि ओनिचा, आबा इथले विक्रेते हेच निर्माते झाले. आठ-दहा दिवसांत शूटिंग उरकायचं, कॅसेट बाजारात आणायची, लगेच पुढचा सिनेमा. 2006 मध्ये भारतात 1,091 सिनेमे निघाले, नायजेरियात 872 आणि अमेरिकेत 485, असा युनेस्कोचा हिशोब आहे. त्या काळी विक्रेत्यांचा दरारा असा होता की 2004 मध्ये जेनेव्हिव्ह न्नाजी, ओमोटोला यांच्यासारख्या आघाडीच्या नटनट्यांनी मानधन फार वाढवलं म्हणून त्यांना सिनेमात घेणंच बंद केलं.

आता वारं उलटं फिरलंय. नट-नट्यांनी स्वतःची चॅनलं काढलीत आणि सिनेमा तिथंच लावतात. रूथ कादिरी, ओमोनी ओबोली ही त्यातली ठळक नावं. ओमोनी ओबोलीच्या चॅनलवर मार्च 2025 मध्ये आलेली एक प्रेमकथा काही आठवड्यांत 2 कोटी व्ह्यूजच्या पुढं गेली. गावच्या प्रेक्षकाला ही चॅनलंच सोयीची. प्रिंट स्वच्छ, आवाज बरा, आणि सिनेमा एका तुकड्यात.

आता डेटाचं गणित. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असेल तर 360p वर दोन तासांचा सिनेमा साधारण 600 ते 700 एमबीत बसतो. 480p वर एक जीबीच्या आसपास जातो. 720p लावलं तर सिनेमा संपायच्या आधी डेटा संपतो. मोबाइलवर 360p पुरतं, कारण या सिनेमात बहुतेक वेळ माणसं घरात बसून बोलत असतात, मारामारीची धावपळ कमी. टीव्हीला जोडून चारचौघांत पाहायचं असेल तर 480p ठेवा. गिअरच्या खुणेवर जाऊन गुणवत्ता हातानं निवडा. ‘ऑटो’वर सोडली की टॉवर जोरात असताना ती आपोआप वर चढते आणि डेटा खाऊन टाकते. मोठ्या सिनेमात मधे जाहिरातीही बऱ्याच येतात, त्यांचाही डेटा यातूनच जातो. म्हणून हिशोबात थोडी शिल्लक धरा. संध्याकाळी सगळं गाव नेटवर असतं तेव्हा चाक फिरत राहतं. पहाटे धार काढायच्या वेळी किंवा दुपारी तोच सिनेमा न अडकता चालतो. ज्या व्हिडिओखाली डाउनलोडचं बटण चालू असेल तो वायफाय मिळेल तिथं उतरवून घ्या. तसा उतरवलेला सिनेमा ठरावीक काळानं पुन्हा नेटला जोडावा लागतो, महिनाभर तसाच पडून राहत नाही.

भाषेची अडचण खरी आहे. बहुतेक नवे सिनेमे इंग्रजीत असतात, पण ती इंग्रजी आपल्या कानाला सवयीची नाही. मधेच पात्रं पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या खिचडी इंग्रजीत, शिरतात, रागावली की इग्बो किंवा योरुबात. कॅप्शन चालू करून ‘ऑटो ट्रान्सलेट’मध्ये मराठी निवडता येतं. ब्राउझरमध्ये ही सोय हमखास सापडते. साधं इंग्रजी चालू आहे तोवर मराठी ओळी कामापुरत्या कळतात. पिजिन आलं की यंत्र त्याला इंग्रजी समजून भलतंच लिहितं आणि त्याचं मराठी आणखी भलतं होतं. अशा वेळी कॅप्शनवर विसंबू नका, पाच-सहा शब्द पाठ करून ठेवा. वेटिन म्हणजे काय, अबेग म्हणजे बाबा रे किंवा कृपा कर, ओगा म्हणजे साहेब किंवा मालक, वहाला म्हणजे भानगड, पिकिन म्हणजे लेकरू, चॉप म्हणजे खाणं. एवढ्यावर नोकर आणि ड्रायव्हरचे विनोद बरेचसे पकडता येतात. योरुबा सिनेमाला निर्मात्यानं स्वतः दिलेली इंग्रजी कॅप्शन असतील तरच हात घाला.

योरुबा सिनेमात मान देण्याची रीतही पाहून घ्या. मोठ्या माणसासमोर तरुण मुलगा जमिनीवर पालथा पडतो, मुलगी गुडघे टेकते. नट-नट्या खऱ्या समारंभातही ज्येष्ठ कलावंताला असाच नमस्कार करतात. एखादा नवखा नट नुसती मान हलवून पुढं गेला तर त्याच्या शिष्टपणाची चर्चा होते. पाया पडण्याची रीत पाळणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता नोटांचं. लागोसच्या लग्नात किंवा वाढदिवसाला बँड वाजायला लागला की पाहुणा नाचत नाचत यजमानाजवळ जातो, हातात कोऱ्या नोटांची गड्डी. एकेक नोट अंगठ्यानं सरकवत तो समोरच्याच्या कपाळावर लावतो, खांद्यावर सोडतो, पायाशी पडू देतो. घाई करत नाही. गड्डी जितकी सावकाश संपेल तितकं लोक जास्त पाहतात. मागं घरातली एखादी पोरगी पिशवी घेऊन वाकलेली असते, नोटा गोळा करत. गायकही गप्प बसत नाही. ज्यानं पैसे लावले त्याचं नाव, बापाचं नाव, धंदा, सगळं गाण्यात ओवतो. किंग सनी आदे आणि एबेनेझर ओबे यांच्या पिढीनं ही स्तुतिगीतं घराघरांत नेली. आपल्याकडं तमाशातली दौलतजादा आणि दंडारीत माइकवरून ‘अमुक पाटलांकडून एकशे एक रुपये’ ही पुकार ज्यानं ऐकलीय, त्याला यातला मान आणि त्यातली चढाओढ दोन्ही ताबडतोब कळेल. हॉलबाहेर कोऱ्या नोटा बदलून देणारे उभे असतात, वर कमिशन घेतात.

पण ही रीत तिथं कायद्यानं गुन्हा आहे, आणि पडद्यावरचं दृश्य पाहताना हे लक्षात ठेवलं तर रंगत वाढते. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 21 सांगतं की नोटा उधळणं, त्यावर नाचणं, त्या तुडवणं याला कमीत कमी सहा महिने कैद किंवा कमीत कमी 50,000 नायरा (नायरा हे तिथलं चलन) दंड, किंवा दोन्ही. बरीच वर्षं हे कलम कागदावरच होतं. 2023 च्या सुरुवातीला नव्या नोटांची टंचाई झाली, लोक बँकेबाहेर ताटकळत होते, त्याच दिवसांत एका नटीचा कोऱ्या नोटा उधळून तुडवतानाचा व्हिडिओ पसरला. फेब्रुवारी 2024 मध्ये तिला सहा महिने कैद किंवा 3 लाख नायरा दंड झाला. दोनच महिन्यांनी, 12 एप्रिल 2024 ला, सोशल मीडियावरचं गाजलेलं नाव बॉब्रिस्की याला सहा महिन्यांची कैद झाली, दंड भरून सुटण्याची मुभाही नव्हती. सामान्य माणसाच्या लग्नात आजही नोटा उडतात. ज्याच्याकडं कॅमेरा वळलेला असतो तो मात्र आता विचार करतो. यात एक अन्यायही आहे असं आमचं मत आहे. जी रीत पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांची आहे, तिच्या शिक्षेचा गाजावाजा प्रसिद्ध माणसाचाच होतो. गुन्ह्यापेक्षा त्याचा व्हिडिओच जास्त महाग पडतो.

एकाच कापडाचं म्हणाल तर त्याला असो एबी म्हणतात. यजमान घराणं कापड ठरवतं, नातेवाईक आणि मित्रमंडळी ते विकत घेऊन आपापल्या शिंप्याकडून शिवतात. सिनेमात एखादी मैत्रीण वेगळ्या कापडात आली की समजा, भांडण झालंय किंवा तिच्याकडं पैसे नव्हते. दिग्दर्शक हे तोंडानं सांगत नाही, प्रेक्षकाला ते दिसतंच.

नवे चेहरे कुठून येतात, तर बऱ्याच वेळा ‘बिग ब्रदर नायजा’मधून. आपल्या ‘बिग बॉस मराठी’चंच हे भावंड. पहिलं पर्व 2006 ला झालं, मग मोठा खंड पडला, 2017 पासून ते पुन्हा सुरू झालं. 2006 च्या घरात राहिलेला इबुका ओबी-उचेंडू आज त्याच कार्यक्रमाचा सूत्रधार आहे. 2019 मध्ये मर्सी एके ही जिंकणारी पहिली बाई ठरली. घरातून बाहेर पडलेला स्पर्धक लगेच जाहिराती, कापडाचे ब्रँड आणि युट्युब सिनेमे यांत शिरतो. वर सांगितलेल्या 2 कोटी व्ह्यूजच्या सिनेमाची नायिका बॅमबॅम 2018 च्या पर्वातलीच. तिच्या चाहत्यांनी तिला घरात भांडताना, रडताना, प्रेमात पडताना पाहिलंय, म्हणून ती पडद्यावर आली की कमेंटमध्ये सिनेमाबरोबर तिच्या आयुष्यावरही चर्चा चालते. ही चर्चा वाचण्यासारखी असते. कोण कुणाशी बोलत नाही, कोणता सिनेमा कुणी अर्ध्यावर सोडला, हे तिथंच कळतं. फक्त त्यातलं सगळं खरं धरू नका.

गायकांच्या चाहत्यांच्या तर फौजा आहेत. विझकिडचे वेगळे, डेव्हिडोचे वेगळे, आणि दोन्ही गटांचं नेटवर हाडवैर. नोव्हेंबर 2021 मध्ये डेव्हिडोनं मित्रांना उघड आवाहन केलं की मला पैसे पाठवा, आणि खाते क्रमांकच जाहीर केला. काही दिवसांत 20 कोटी नायरांच्या वर रक्कम जमली. मग त्यानं त्यात स्वतःची भर घालून 25 कोटी नायरा अनाथाश्रमांना देत असल्याचं जाहीर केलं. सुरुवातीला लोकांना तो माज वाटला होता, आठवडाभरात तोच दानशूर ठरला. तिथल्या सिनेमातला श्रीमंत तरुण, तो ‘बिग बॉय’, अशाच माणसांवर बेतलेला असतो, हे कळलं की त्याचं वागणं खोटं वाटत नाही. रेमा या नायजेरियन गायकाचं ‘काम डाउन’ तर आपल्याकडच्या वरातीच्या डीजेवरही वाजलंय. जुलै 2024 मध्ये मुंबईत अंबानींच्या घरच्या लग्नात तो स्वतः येऊन ते गाऊन गेला.

राजकारण आलंच. देस्मंड इलियट हा नट 2015 पासून लागोस राज्याच्या विधानसभेत आहे. रिचर्ड मोफे-दामिजो डेल्टा राज्याचा संस्कृती आणि पर्यटन आयुक्त होता. फुंके अकिंडेलेनं 2023 मध्ये लागोसच्या उपराज्यपालपदासाठी निवडणूक लढवली आणि ती हरली. पण त्याच वर्षी डिसेंबरात लागलेला तिचा सिनेमा 100 कोटी नायरांचा गल्ला ओलांडणारा पहिला नायजेरियन सिनेमा ठरला. मत दिलं नाही तरी तिकीट काढलं. ऑक्टोबर 2020 मध्ये पोलिसांच्या ‘सार्स’ या दरोडाविरोधी पथकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा गायक फाल्झ आणि रनटाउन मोर्च्यात पुढं होते. तेव्हापासून कोणता कलावंत त्या दिवसांत बोलला आणि कोण गप्प बसला, याचा हिशोब प्रेक्षक ठेवून आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ते दोन खोडकर ‘पोट्टे’ही इथलेच. ती पोरं नाहीत. चिनेडू इकेडिएझे 1977 चा आणि ओसिता इहेमे 1982 चा. 2002 च्या एका विनोदी सिनेमात दोघांनी उपद्व्यापी भावंडांचं काम केलं आणि ते चेहरे जगभर गेले. ओसिता इहेमेला 2011 मध्ये राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्या हस्ते राष्ट्रीय सन्मान मिळाला. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याला जे वाटलं, तसंच तिथल्या लोकांना वाटलं असणार. या दोघांचे जुने सिनेमे घरातल्या सगळ्यांसोबत पाहता येतात आणि भाषा न कळताही हसू येतं. सुरुवात इथूनच करावी.

काय सोडावं? कॅसेट-सीडीच्या काळातले सिनेमे भाग 1 ते 4 असे तुटक असतात, आणि चौथा भाग बऱ्याचदा सापडतच नाही. दुसऱ्याच्या चॅनलनं नाव बदलून चढवलेले सिनेमेही पुष्कळ. ओळखायची खूण म्हणजे चित्र कडेनं कापलेलं किंवा आरशासारखं उलटं, आवाज किंचित चिरका, आणि वर्णनात कलावंतांची नावंच नाहीत. असा सिनेमा मधेच काढून टाकला जातो आणि शेवट राहतो. नटाच्या मृत्यूची बातमी थंबनेलवर दिसली तर उघडूही नका. जिवंत माणसाला मारून व्ह्यूज कमावणारे व्हिडिओ तिथं ढिगानं आहेत. जुन्या सिनेमांत पैशासाठी नरबळी, जारण-मारण, पाद्रीनं भूत उतरवणं हे सर्रास असतं, आणि शेवटी ‘देवाचा महिमा’ अशी पाटी येते. आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तरी गावात भगताकडं जाणं थांबलेलं नाही. लहान मुलांसमोर हे सिनेमे लावू नयेत असं आम्ही ठामपणे म्हणू.

लोडशेडिंगचे प्रसंग मात्र चुकवू नका. पंखा थांबतो, सगळे एकदम गप्प, मग कुणीतरी वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडतं आणि जनरेटर ओढायला उठतं. वीज आली की अख्खी गल्ली ‘अप नेपा’ म्हणून ओरडते. नेपा ही जुनी सरकारी वीज कंपनी कधीच बंद झाली, आरोळी राहिली. रब्बीत रात्रीच्या थ्री-फेजची वाट पाहत वावरात बसणाऱ्याला हे दृश्य हमखास आवडेल.

गाणी हवी असतील तर नायजेरियाच्या उत्तरेकडं, कानो शहराच्या हौसा भाषेतल्या सिनेमाकडं वळा. त्याला कॅनीवूड म्हणतात. तिथल्या लोकांनी अनेक दशकं हिंदी सिनेमे पाहिले, त्यामुळं झाडाभोवतीची गाणी, नजरानजर, दोन कुटुंबांचं वैर हे सगळं तिथं आहे. पण नटीच्या वागण्यावर करडी नजर असते. 2016 मध्ये राहामा सदाऊ या नटीला एका गाण्याच्या व्हिडिओत गायकाला मिठी मारली म्हणून तिथल्या सिनेमावाल्यांच्या संघटनेनं बाहेर काढलं. म्हणून हौसा गाण्यात नायक-नायिका हातभर अंतर ठेवूनच नाचतात. इंग्रजी कॅप्शन नसली तरी हे सिनेमे झेपतात.

पैसे देऊन पाहायची गरज आहे का? फक्त या सिनेमांसाठी नेटफ्लिक्सचं वर्गणीपत्र घेऊ नका. घरात आधीच असेल तर केमी अदेतिबा या दिग्दर्शिकेचा ‘किंग ऑफ बॉइज’ शोधा. त्यातली बाई राजकारणी, गुंड आणि आई तिन्ही आहे, आणि काम पाहण्यासारखं. ‘नमस्ते वहाला’ हा 2021 चा नायजेरियन-भारतीय प्रेमपट रुस्लान मुमताझसाठी एकदा पाहायला हरकत नाही, पण त्यात दोन्हीकडचं वरवरचं तेवढंच आहे. युट्युबवरच्या साध्या घरगुती सिनेमात जास्त जीव आहे. फुकटातल्या या सेवेला आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कॅप्शनसाठी कापला, एक गुण चोरीच्या प्रतींच्या गोंधळासाठी.

मंडईत किंवा गणपतीत पडद्यावर दाखवायचा विचार असेल तर चॅनलच्या माहितीत दिलेल्या ईमेलवर आधी लेखी परवानगी मागा. घरी पाहणं वेगळं आणि गावाला जाहीर दाखवणं वेगळं. सोबत गावाचं नाव, तारीख, तिकीट आहे की नाही, आणि साधारण किती लोक जमतील हे इंग्रजीत चार ओळींत लिहा, आणि उत्तर येईपर्यंत त्या सिनेमाचं नाव पत्रिकेत छापू नका.